एएफआर गेज लावून आठ महिने झाले, जिप्सीतला माझा अनुभव

गाडी ९७ची जिप्सी किंग, १३०० सीसी, कार्ब्युरेटरवाली. एएफआर म्हणजे एअर-फ्युएल रेशो, वजनानं एक भाग पेट्रोलला किती भाग हवा; गेजवर १४.७ च्या वर गेलं की लीन (पेट्रोल कमी), खाली आलं की रिच (पेट्रोल जास्त). गेजच्या कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण त्याचा फारसा उपयोग नाही, यातल्या बऱ्याच गेजमध्ये सेन्सर एकच असतो, बॉशचा एलएसयू ४.९, माझ्यातपण तोच आहे. सेन्सरसकट वीस हजारांच्या वर गेलं, घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

घ्यायचं कारण एवढंच की गाडी पिकअपला अडखळत होती आणि जेवढी माणसं तेवढी मतं. एक म्हणतो लीन चालतीय, दुसरा म्हणतो रिच, तिसरा म्हणतो विकून टाक. म्हटलं आता आकडाच बघू.

सेन्सरसाठी सायलेन्सरच्या पाइपला बसवायचा नट कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घेतला, १८ एमएमचा, दीडचा आटा. पहिल्यांदा वेल्डिंगवाल्यानं तो पाइपच्या खालच्या बाजूला लावला आणि मीपण काही बोललो नाही, ही चूक. सकाळी थंड गाडी चालू केली की पाइपमध्ये पाणी जमतं, ते खाली तापलेल्या सेन्सरवर गेलं तर आतलं सिरॅमिक तडकतं. सेन्सर आडव्या रेषेपेक्षा निदान १० अंश तरी वर हवा, घड्याळात दहा किंवा दोन वाजल्यासारखा. परत कापून परत वेल्डिंग, पैसे डबल.

आता मुख्य रामायण. गेज चालू केलं तर आयडलिंगला १६.८, कधी १७. दोन हजार आरपीएमला १४.८ आणि चढाला दाबली की १३. मी म्हटलं सापडलं, आयडलला लीन आहे, आणि मिक्श्चरचा स्क्रू फिरवत बसलो, अर्धा आटा, अजून अर्धा. गेज कसंबसं १५.८ वर आलं पण गाडीमागं उभं राहिलं की पेट्रोलच्या वासानं डोळे चुरचुरायला लागले. प्लग काढले तर काजळी धरलेले, चारही. प्लग म्हणतात रिच, गेज म्हणतंय लीन, मी मधे. मिस्त्रीमामांनी प्लग बघितले, गेज बघितलं आणि म्हणाले, "तुझं घड्याळ खुळं झालंय की रे!"

घड्याळ खुळं नव्हतं, मी होतो. हे गेज पेट्रोल मोजतच नाही, ते पाइपमधला उरलेला ऑक्सिजन मोजतं आणि त्यावरून गणित करून आकडा दाखवतं. ऑक्सिजन कुठून आला हे त्याला कळत नाही. माझ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर सायलेन्सरच्या पाइपात नेणाऱ्या भागाचं) पॅकिंग एका कोपऱ्यात फुंकत होतं. धूर झटक्याझटक्यानं बाहेर पडतो, दोन झटक्यांच्या मधे पाइपमध्ये क्षणभर ओढ तयार होते आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत येते. आयडलला धूर कमी त्यामुळं ती हवा लगेच दिसते, आरपीएम वाढलं की धूर एवढा वाढतो की तिचा हिशेबच लागत नाही. म्हणून फक्त आयडललाच लीन.

शोधलं कसं तर इंजिन पूर्ण थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरचं फुंकायचं तोंड सायलेन्सरला फडक्यानं गुंडाळून लावलं आणि सेन्सरच्या अलीकडच्या सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं, तिसऱ्या सिलिंडरपाशी बुडबुडे आले. पॅकिंग बदललं, स्क्रू होता तिथं आणला, आयडल १४.२. एक महिना आणि चार प्लग वाया. पॅकिंगला साधं सिलिकॉन चोपडू नका, त्याच्या वाफेनं सेन्सर मरतो, सेन्सरला चालणारं वेगळं मिळतं.

मग जुलैत पावसात परत १७. यावेळी शहाणा झालो होतो, स्क्रूला हात लावला नाही. बॉनेट उघडून अंधारात बघितलं तर एका प्लग वायरमधून ठिणगी बाहेर उडत होती. एक सिलिंडर पेटलाच नाही तर त्यातला ऑक्सिजन न वापरता तसाच बाहेर, गेज म्हणणार लीन. खरं तर पेट्रोलपण तसंच बाहेर पडतंय.

तिसरी भानगड वेगळीच. गेजवर १३.२ आणि लॉगरवर (गेजचे आकडे नोंदवून ठेवणारा डबा) १३.६, तेही फक्त हेडलाइट लावल्यावर. गेजमधून लॉगरला शून्य ते पाच व्होल्टची वायर जाते, माझ्यात एका व्होल्टला २ पॉइंट, म्हणजे ०.२ व्होल्ट इकडंतिकडं झालं की ०.४चा फरक. गेजची अर्थ डॅशबोर्डच्या बोल्टला दिलेली आणि लॉगरची थेट बॅटरीला. दोन्ही एकाच जागी घेतल्या, संपलं. दहा रुपयांचं काम, शोधायला दोन रविवार.

आता ई२० चं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं (ई१० मध्ये दहा टक्के). गेजवरचा १४.७ हा शुद्ध पेट्रोलचा आकडा, ई१० ला तो साधारण १४.१ आणि ई२० ला १३.५ असतो. पण गेज खरं लॅम्डा काढतं (लागते त्याच्या किती पट हवा मिळाली, १ म्हणजे बरोबर) आणि त्याला १४.७ नं गुणून दाखवतं, म्हणून कुठलंही पेट्रोल असो, बरोबर जळालं की १४.७ च दिसणार. एमपीएफआय (इंजेक्शनवाली) गाडी स्वतःच्या सेन्सरवरून पेट्रोल वाढवून घेते, माझ्या कार्ब्युरेटरला बिचाऱ्याला काय माहीत टाकीत काय भरलंय. जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तेच ठेवून ई१० वरून ई२० वर गेलं तर हिशेबानं चारेक टक्के लीन होणार, गेजच्या भाषेत ०.६. माझी सपाट रस्त्याला १५.३ दाखवत होती, मेन जेट एक नंबर वर घातला, १४.७ च्या आसपास आली आणि अडखळणं बरंचसं गेलं. मी आता गेज लॅम्डावरच ठेवतो, १ म्हणजे १, डोकं लावायला नको.

आंबोली उतरून मालवणला गेलो तर गाडी पाव-अर्धा पॉइंट लीन झाली. बिघाड नाही तो, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, खाली हवा दाट आणि जेट तेच.

तक्रारी आहेत. रात्री डिस्प्ले डोळ्यात जातो, मी वर फिल्म चिकटवलीय. मॅन्युअलमध्ये वायरिंगचं एकच चित्र, तेही मुंगीएवढं. आणि फ्यूज उडालेला असताना मी तीन दिवस तशीच गाडी चालवली, सेन्सरचा हीटर बंद असला की त्यावर काजळी बसते हे नंतर कळलं. मग तो सुस्त झाला, आकडा हलायलाच वेळ लावायचा. बाहेर काढून मोकळ्या हवेत धरला की गेज लीनच्या टोकाला जायला पाहिजे, माझं १८ वर अडकलं. नवीन सेन्सर घेतला. चार-पाच दिवस गेज बंद ठेवायचं असेल तर सेन्सर काढून भोकाला बूच लावा.

अ‍ॅव्हरेज साडेनऊवरून अकरावर आलंय, पण त्यात पॅकिंगचा वाटा किती आणि जेटचा किती हे मी छातीठोक सांगणार नाही. घ्यावं का? कार्ब्युरेटर स्वतः उघडत असाल तर घ्या. नुसतं डॅशबोर्डवर चमकायला हवं असेल तर त्या पैशात टायर येतील.

एक गोष्ट अजून राहिलीय. दुसऱ्या गिअरला चाळीसच्या आसपास हळू चालताना एकदम पाय दिला की अर्धा सेकंद १६.५ ला उडी मारते आणि मग १३ वर येते. यावेळी फट, वायर, अर्थ सगळं बघून झालंय, म्हणजे आता संशय अ‍ॅक्सिलरेटर पंपावर, पाय दिल्याबरोबर जादा पेट्रोल मारणारा तो. मामांनी रविवारी बोलावलंय, येताना घड्याळ घेऊनच ये म्हणालेत.