ठाणे-वाशी लोकलमधली शर्यत: कार-बाइकच्या गेमसाठी जुन्या हँडहेल्डपैकी (हातात धरून खेळायच्या यंत्रांपैकी) कोणता घ्यावा?

दुकानदार आधी आकडा सांगतो. ४०० गेम, ९९९९ गेम, १५,००० गेम. शर्यतीचेच गेम खेळायचे असतील तर हा आकडा सोडून द्या. डाव्या अंगठ्याखालचं दिशेचं बटण आणि स्क्रीन या दोनच गोष्टींवर सगळं अवलंबून आहे. गाडी वळवताना बटण अर्धवट लागलं, किंवा ऐरोलीच्या पुढे खिडकीतून ऊन आल्यावर समोरचा ट्रक दिसलाच नाही, तर १५,००० गेम असून उपयोग काय?

दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा: कार हवी की बाइक? वरवर सारखे वाटले तरी हे वेगळे खेळ आहेत. जुन्या कार-गेममध्ये एक बोट अ‍ॅक्सिलरेटरवर दाबून ठेवायचं आणि दुसऱ्या अंगठ्याने डावं-उजवं टिचक्या मारायच्या. बाइकच्या गेममध्ये बहुतेक वेळा तोल सांभाळणं हाच खेळ असतो. उडीत पुढचं चाक वर की खाली, वळणात किती झुकायचं. त्यामुळे स्वस्त बटणांवर कार एकवेळ चालून जाते, बाइक जात नाही.

ब्रिक गेम: फक्त टाइमपास

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात खेळण्यांच्या दुकानात साधारण दोन-तीनशे रुपयांत मिळतो तो. ‘९९९९ इन १’ लिहिलेलं असलं तरी आत मोजके खेळ आणि त्यांचेच वेग-पातळ्या बदलून केलेले हजारो आकडे. पडदा १० बाय २० चौकोनांचा. त्यात गाडी म्हणजे काही ठोकळे, आणि काम एकच: समोरून येणाऱ्या ठोकळ्यांना चुकवून बाजूच्या लेनमध्ये जाणं. बाइक नाहीच. दोन पेन्सिल सेलवर बरेच दिवस चालतो आणि उन्हात अगदी छान दिसतो. अंधारात काही दिसत नाही, कारण मागे दिवाच नसतो.

याच्याच शेजारी कार किंवा बाइकचं रंगीत चित्र छापलेले एकखेळी एलसीडी गेम लटकत असतात. त्यांत गाडीची प्रत्येक जागा काचेत आधीच ठरलेली असते. गाडी सरकत नाही, एक आकृती विझते आणि शेजारची पेटते. पहिल्या दिवशी मजा, तिसऱ्या दिवशी पाठ. लहान मुलाला द्यायला मात्र याहून बिनधास्त वस्तू नाही. पडला तरी जीव हळहळत नाही.

काही दिवसांनी पडद्यावरची एखादी पूर्ण ओळ गायब झाली तर काच गेली असं समजू नका. काच आणि सर्किट यांच्यामध्ये रबराची पट्टी असते, ती वीज वाहून नेते. ती सरकली किंवा तिच्यावर घाण बसली की ओळ जाते. मागचे स्क्रू काढून पट्टी आणि तिच्याखालचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पट्टी सरळ बसवा, स्क्रू सगळीकडे सारखे आवळा.

‘सुप’ विरुद्ध गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी

बहुतेकांची खरी निवड या दोघांत अडकते. एक नवाकोरा आणि स्वस्त, दुसरा सेकंडहँड आणि जपून ठेवायचा.

‘सुप’ म्हणजे ३ इंची रंगीत स्क्रीनचा, ४०० गेमवाला. आतला मेंदू १९८३ च्या फॅमिकॉम या जपानी यंत्राची नक्कल. लहानपणी टीव्हीला जोडून पिवळ्या-निळ्या कॅसेट घालून खेळायचो, तेच हे. शर्यतीच्या दृष्टीने यादीत तीन नावं शोधा: रोड फायटर, एक्साइटबाइक, एफ-१ रेस. दुकानातच चालू करून खात्री करा, कारण यादी दर खेपेला बदलते आणि नावं कधीकधी भलतीच लिहिलेली असतात.

रोड फायटरमध्ये दोन वेग आहेत. बी दाबलं तर गाडी २२४ पर्यंत जाते, ए दाबलं तर ४०० पर्यंत. नवखे लोक ए सोडतच नाहीत आणि अरुंद रस्त्यावर कठड्याला जाऊन फुटतात. गर्दीत बी, मोकळ्या रस्त्यावर ए, हा साधा हिशेब. इंधन सतत उतरत असतं, आणि ठरावीक रंगाच्या गाडीला स्पर्श केला की परत वाढतं. ती गाडी चुकवायची नाही, उलट गाठायची.

एक्साइटबाइक हा १९८४ चा खेळ आजही बाइकचा सर्वांत चांगला धडा आहे. ए साधा वेग, बी टर्बो. बी दाबून धरलं की खालची तापमानाची पट्टी भरत जाते. ती पूर्ण भरली की बाइक रस्त्याकडेला बसते आणि तुम्ही बघत राहता. ट्रॅकवर रंगवलेल्या बाणांवरून गेलात की इंजिन थंड होतं. म्हणून टर्बो बाणाच्या अलीकडे वापरायचा, पलीकडे नाही. उडीत डावं बटण पुढचं चाक उचलतं, उजवं खाली नेतं, आणि जमिनीला दोन्ही चाकं उताराला समांतर लागली पाहिजेत.

‘सुप’ इथेच मार खातो. त्याच्या दिशाबटणाखालचं रबर सैल असतं. डावं दाबताना अंगठा जरा वर कलला तर ‘वर’सुद्धा लागतं, आणि खाली टेकता टेकता बाइक शेजारच्या लेनमधल्या स्वारावर जाऊन पडते. घेण्यापूर्वी हेच तपासा: बाइक सपाट रस्त्यावर चालवत डावं बटण अंगठा थोडा वर-खाली फिरवत दाबा. लेन बदलली तर दुसरा पीस मागा. याची दुसरी मर्यादा म्हणजे खेळ जतन होत नाही. एक्साइटबाइकमध्ये स्वतः ट्रॅक तयार करता येतो, पण बंद केलं की गेला.

जमेच्या बाजूला मोठी गोष्ट बॅटरीची. नोकियाच्या जुन्या फोनात असायची तीच बीएल-५सी जातीची, ३.७ व्होल्ट. ती दमली तर वाशी सेक्टर १७ पासून ठाणे स्टेशनपर्यंत कुठल्याही मोबाइलच्या दुकानात दुसरी मिळते. साधारण पाचशेच्या आसपास मिळणाऱ्या वस्तूला याहून जास्त काय मागणार!

एसपी निन्टेंडो कंपनीचा, २००३ चा. पडदा २४० बाय १६०, घडी घालून खिशात जातो, त्यामुळे किल्ल्यांचे ओरखडे काचेवर पडत नाहीत. दिशाबटण लहान पण नेमकं. एक्साइटबाइक इथेही आहे (२००४ मध्ये कॅसेटवर पुन्हा आला), आणि त्याशिवाय बाइकवाल्यांसाठी मोटो रेसर अ‍ॅडव्हान्स, मोटोजीपी, रोड रॅश जेलब्रेक. जुन्या गेम बॉयच्या कॅसेटही यात चालतात, म्हणजे गेम बॉय कलरचा २००० चा रोड रॅशही. कारवाल्यांनी मारियो कार्ट सुपर सर्किटपासून सुरुवात करावी. चार एसपी आणि केबल असतील तर एकाच कॅसेटवर चौघं खेळू शकतात. पर्याय मर्यादित मिळतात, पण डब्यात चौघांचा दंगा होतो.

एसपी घेताना दोन प्रकार ओळखा. मागच्या स्टिकरवर एजीएस-००१ असेल तर दिवा पडद्याच्या पुढून पडतो आणि रंग फिके दिसतात. एजीएस-१०१ मध्ये तो मागून येतो. स्टिकरवर विसंबू नका, बाहेरची खोळ बदलून विकणारे पुष्कळ. पडद्याखालचं दिव्याचं बटण दाबा. ००१ मध्ये दिवा पूर्ण बंद होतो. १०१ मध्ये बंद होतच नाही, फक्त मंद आणि प्रखर होतो. रात्री घरी जाताना खेळणाऱ्याने १०१ साठी जास्त पैसे मोजावेत. दिवसा खिडकीशी बसणाऱ्याला ००१ पुरतो, आणि दिवा बंद ठेवला तर नव्या बॅटरीवर १८ तासांपर्यंत चालतो. दिवा लावून साधारण १०.

मग खांद्याची बटणं, म्हणजे वरच्या कडेची एल आणि आर. मारियो कार्टमध्ये आर दाबूनच गाडी उडी मारून घसरत वळते, त्यामुळे आर मेलेला एसपी म्हणजे वळण न घेणारी गाडी. वीसदा दाबून बघा. हेडफोनचं भोक याला नाही. वेगळा अ‍ॅडाप्टर लागतो, तो मिळतो का हे आधी पाहा, नाहीतर शेजारचा प्रवासी तुम्हाला घणसोलीलाच उतरवेल. बॅटरी ६०० एमएएचची, आणि इतक्या वर्षांनी मूळची असेल तर बदलायचीच. तिच्या झाकणाला एकच साधा चौफुलीचा स्क्रू आहे; बाकी खोळीला मात्र तीन पात्यांचा पेचकस लागतो.

नकली कॅसेटी हा सगळ्यात मोठा ताप. खऱ्या कॅसेटच्या लेबलवर दोन अंकी आकडा दाबून उमटवलेला असतो, लेबल उजेडात तिरकं धरलं की दिसतो. नकली कॅसेट खेळ चालवते, पण सेव्हसाठी आत लहान बॅटरी घातलेली असेल तर ती संपली की तुमचे सगळे चषक एका सकाळी गायब.

पीएसपी: पडदा हवा असेल तर

पीएसपी म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन पोर्टेबल. २००४ चा म्हणून काही जण याला ‘रेट्रो’ (जुन्या जमान्यातला) मानत नाहीत. वीस वर्षांनंतर हा वाद पुरे. ४.३ इंची, ४८० बाय २७२ चा पडदा आणि अंगठ्याची सरकती गोटी. गोटीमुळे स्टिअरिंग थोडंसं वळवता येतं, म्हणून बाइकला हा सर्वांत योग्य. मोटोजीपीमध्ये झुकणं हळूहळू वाढवता येतं, जे दिशाबटणाने जमत नाही. मोटरस्टॉर्म आर्क्टिक एजमध्ये बर्फात बाइक, कार आणि ट्रक एकाच शर्यतीत धावतात. ‘कार की बाइक’ ठरत नसेल त्याने हाच घ्यावा. कारच्या दर्दींसाठी २००९ चा ग्रान टुरिझ्मो: ८०० हून जास्त गाड्या, पण शर्यतीत एका वेळी चारच.

रोड रॅशसाठी ईए रिप्ले ही तबकडी शोधा. तिच्यात पहिले तिन्ही भाग आहेत. मात्र सायबर कॅफेत कॉम्प्युटरवर खेळलेला तो हा नव्हे, हे आधीचे कन्सोलवरचे आहेत. गाणी आणि चेहरे आठवून घेतलात तर निराश व्हाल. साखळी हिसकावून हाणामारी मात्र तीच.

बिघडतं काय? आधी बॅटरी. मागचं झाकण फुगलेलं किंवा नीट न बसणारं दिसलं तर बॅटरी सुजली आहे. ती टोचायची, दाबायची नाही, काढून ई-कचऱ्यात द्यायची. पीएसपी-१००० ची बॅटरी १८०० एमएएचची आणि जाड. २००० आणि ३००० ची १२०० ची आणि पातळ. जाड बॅटरी पातळ यंत्रात घातली तर मूळ झाकण लागत नाही. मग गोटी: हात न लावता मेनू आपोआप सरकत असेल तर खालचे संपर्क मळलेत किंवा रबर झिजलंय. सफाईने बऱ्याचदा जमतं. तबकडीची मोटर घरघरली तर ती बदलण्यापेक्षा दुसरा पीस बघा. १००० चा पडदा संथ आहे, वेगात गाड्यांमागे सावली ओढली जाते. शर्यतीसाठी ३००० घ्या. १००० यूएसबीवरून चार्जही होत नाही.

नवा डबा, जुने खेळ

आर३६एससारखे एमुलेटर (जुन्या यंत्रांची सॉफ्टवेअरने नक्कल करणारे) हँडहेल्ड साधारण तीन ते पाच हजारांत येतात आणि सगळं चालवतो असं सांगतात. वजनदार पीएसपी गेम अडखळतात, विशेषतः गर्दीच्या शर्यती. पण जुन्या खेळांचं गणित सुरेख बसतं: पडदा ६४० बाय ४८०. गेम बॉयचं १६० बाय १४४ चं चित्र बरोबर तिप्पट, फॅमिकॉमचं २५६ बाय २४० चं बरोबर दुप्पट. ठिपके धारदार राहतात. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचं चित्र पूर्ण रुंदीला ताणलं की २.६७ पट होतं आणि रस्त्याच्या रेघा लहरतात. सेटिंगमध्ये पूर्णांक पट (इथे दुप्पट) निवडा, काळी चौकट सहन करा.

सोबत येणारं मेमरी कार्ड बिनभरवशाचं. पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरवर त्याची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) काढून ठेवा आणि नामांकित कंपनीच्या कार्डवर उतरवा. याच यंत्राच्या नकलांमध्ये पडद्याचे पॅनेल वेगवेगळे असतात. दुसऱ्याची इमेज टाकली तर पडदा काळाच राहतो, म्हणून स्वतःच्या मूळ कार्डाची प्रत हवीच. बंद करताना मेनूतून बंद करा, बटण दाबून धरून नव्हे. कार्डात भरून विकलेले खेळ परवान्याचे नसतात, हेही लक्षात असू द्या.

सेकंडहँड यंत्र बघायला वाशीच्या किंवा ठाण्याच्या स्टेशनबाहेर भेटायचं ठरलं तर सोबत स्वतःची एक कॅसेट किंवा तबकडी न्या, विकणाऱ्याच्या एकाच गेमवर विश्वास नको. पंधरा मिनिटं चालू ठेवा; बॅटरीचा आणि पडद्यावरच्या पट्ट्यांचा दोष बहुधा तेवढ्यात उघडा पडतो. सुटे भाग लागले तर मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड: ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड.

पावसाळ्याचं एक. आपल्या खाडीकाठच्या दमटपणात विसरलेले सेल गळतात आणि स्प्रिंगवर बुरशीसारखी पांढरी-हिरवी पूड दिसते. अल्कलाइन सेल असतील तर कापसाच्या काडीला पांढरं व्हिनेगर लावून ती पूड आधी विरघळवा, मग अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळवा. जूनच्या आत सेल काढून ठेवा आणि यंत्र झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.