बबलचा एअर बेड: उपयोगाचा, पण गादीवर टाकून निर्धास्त होऊ नका

अंथरूण धरलेल्या माणसाला बेडसोर (सततच्या दाबाने कातडीला पडणाऱ्या जखमा) होऊ नयेत म्हणून घराघरांत आणला जातो तो हा एअर बेड: फुगवट्यांची प्लॅस्टिकची गादी, दोन नळ्या आणि पलंगाच्या पायथ्याशी अडकवायचा छोटा पंप. पंप एक ओळ फुगवतो, शेजारची सैल सोडतो आणि साधारण दहा-बारा मिनिटांत ही फेरी पूर्ण होते. एकाच जागी सतत दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा अडतो, म्हणून ही अदलाबदल. वस्तू चांगली आहे, पण बहुतेक घरांत ती चुकीची लावलेली असते.

सगळ्यात मोठी चूक पंपाच्या बटणाची. ते वजनाप्रमाणे फिरवायचं असतं, पण 'कडक म्हणजे मजबूत' असं समजून शेवटपर्यंत पिळलं जातं. मग गादी लाकडी फळीसारखी होते. फारच सैल ठेवली तर माणूस खालच्या गादीला टेकतो. तपासायची रीत सोपी आहे: रुग्ण उताणा झोपलेला असताना माकडहाडाच्या बरोबर खाली, एअर बेड आणि खालची गादी यांच्यामध्ये हात सरकवा. हाताच्या वर निदान अडीच सेंटिमीटर हवेचा थर जाणवला पाहिजे. हाड हाताला लागलं तर दाब थोडा वाढवा. पाठ टेकवून बसवल्यावर सगळा भार कंबरेखाली येतो, तेव्हा पुन्हा तपासा. पहिल्यांदा लावताना रुग्णाला लगेच झोपवू नका, गादी अर्धा तास फुगू द्या.

दुसरी चूक चादरींची. खाली रबरी शीट, वर जाड चादर, त्यावर घडी केलेला टॉवेल असे थर चढले की फुगवट्यांचा उपयोग संपतो आणि घाम साचतो. एकच पातळ सुती चादर घाला, तीही ताणून न खोचता. ताणलेली चादर फुगवट्यांवर पडद्यासारखी तंग बसते.

आणि कूस बदलणं चुकत नाही. दर दोन तासांनी, पाठीमागे उशी देऊन साधारण तीस अंश कलवा. पूर्ण कुशीवर नको, कारण मग खुब्याचं हाड दबतं. टाचांवरचा दाब टाळायला नुसती गादी पुरेशी नाही. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवा. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका, कातडी घासली जाते. खालची चादर दोघांनी धरून उचलून सरकवा. काळजी घेणारा एकटाच असेल तर हे काम दिवसभर जमणं अवघड, म्हणून मदतीची माणसं आधीच ठरवा.

रोज अंघोळीच्या वेळी पाठ, माकडहाड, टाचा, खुबे पाहा. लाल डाग दाबून सोडल्यावर पांढरा पडत नसेल तर ती सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे गरम, कडक किंवा अधिक काळपट भाग शोधा. अशा जागी मालिश करू नका आणि गोल रबरी रिंगही घालू नका. कडेचा दाब वाढून मधला रक्तपुरवठा आणखी कमी होतो.

बिघाड ठरलेले असतात. नळी पलंगाच्या दांड्यात चिमटते, सुईने किंवा नखाने छिद्र पडतं. ठिगळ सोबत येतं, पण बबलची शीट एकच असल्याने मोठं छिद्र पडलं की सगळी बदलावी लागते. काही आठवड्यांची गरज असेल तर ही पुरे, महिनोन् महिने लागणार असेल तर सुट्या नळकांड्यांची गादी घ्या. तिची एकच नळकांडी बदलता येते. वीज गेली तर नळ्या दुमडून रबराने बांधा, हवा काही वेळ टिकते, पण अदलाबदल थांबते. म्हणून कूस दर तासाला बदला. एअर बेड कधीही थेट फळीवर ठेवू नका.

गादीने उंची वाढते आणि कडेचे कठडे तेवढेच बुटके पडतात. गोंधळलेल्या, उठू पाहणाऱ्या माणसासाठी ही मोठी जोखीम आहे. उसनवारीने मिळालेली गादी असेल तर आधी पूर्ण फुगवून रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी सगळ्या ओळी आळीपाळीने फुगतात का, हे हाताने चाचपा.