तीन महिने मला माझ्याच बापाच्या पैशांतून पगार मिळाला

ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४ या सहा महिन्यांत माझे अडीच लाख रुपये गेले. लिहायला इतका उशीर लागला, कारण लाज वाटत होती. ‘पैसे देऊन नोकरी घ्यायला गेलास, मग आता रडतोस कशाला,’ असं दुसऱ्या कुणाला मीही म्हणालो असतो. म्हणा. पण आधी सगळं वाचा, कारण पैसे घेऊन पळून जाणारे वेगळे आणि हे वेगळे. इथं नोकरी खरोखर लागते. ऑफिस असतं, गळ्यात आयकार्ड असतं, सात तारखेला पगार होतो.

मी लातूर जिल्ह्यातला. २०२३ च्या उन्हाळ्यात मेकॅनिकलची डिग्री हातात आली. मेकॅनिकलच्या पोरानं पुण्यात जाऊन जावा प्रोग्रामिंग शिकायचं हे आमच्याकडं आता ठरल्यासारखंच आहे. कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहायला लागलो, दोन वेळचा डबा लावला, क्लास लावला. त्या वर्षी मोठ्या आयटी कंपन्यांनी फ्रेशर्सची भरती आखडती घेतली होती. ऑफर लेटर मिळालेल्या पोरांनाही जॉइनिंगची तारीख येत नव्हती. आम्ही चौघं रूमवर रात्री बारापर्यंत ‘अप्लाय’चं बटण दाबत बसायचो आणि सकाळी मेल उघडला की क्लासच्या जाहिराती.

दसऱ्याच्या सुमारास कॉलेजच्या एका सीनियरचा फोन आला. बाणेरला एका कंपनीत लागलाय, तिथं अजून घेताहेत म्हणाला. ‘थोडे पैसे लागतात, पण पहिल्या दिवसापासून पेरोलवर.’ मी त्याला दादा म्हणायचो. कॉलेजात त्यानं मला ड्रॉइंगच्या शीट काढून दिल्या होत्या, त्यामुळं संशय घ्यावा असं डोक्यातही आलं नाही.

कन्सल्टन्सीवाल्यानं आकडा सांगितला: अडीच लाख. पन्नास हजार इंटरव्ह्यूच्या आधी, एक लाख ऑफर लेटरवर, उरलेले एक लाख जॉइन झाल्यावर पंधरा दिवसांत. हे हप्तेच मला पटले. फसवायचं असतं तर सगळे आधीच मागितले असते, असा माझा हिशेब. माझा कसला, असाच हिशेब आपण करावा म्हणून ते हप्ते पाडलेले असतात.

अण्णांनी सोयाबीन घरात भरून ठेवलं होतं. हमीभाव ४,६०० होता, भाव वाढला की काढू म्हणत होते. माझ्यासाठी दिवाळीच्या तोंडावर आहे त्या भावात लातूरच्या बाजारात घातलं. बाकीचे पतसंस्थेतून काढले.

इंटरव्ह्यू गूगल मीटवर झाला. समोरच्याचा कॅमेरा बंद. ओव्हरलोडिंग आणि ओव्हररायडिंगमधला फरक विचारला, मी सांगितला, ‘गुड’ म्हणाला. अकरा मिनिटांत संपलं. बाहेर येऊन रूममेट्सना म्हणालो, सोपा गेला. सोपा का गेला, हे कुणाच्याच मनात आलं नाही.

ऑफर लेटर मात्र भारी होतं. जाड कागद, गोल शिक्का, तीन लाखांचं पॅकेज, खाली कंपनीचा एकवीस अक्षरी नोंदणी क्रमांक, ज्याला सीआयएन म्हणतात. तो आकडा मी तेव्हा वाचलाच नाही. नंतर एका सीएकडं काम करणाऱ्या मित्रानं दाखवला. त्यात राज्याची दोन अक्षरं असतात, आपल्याकडची एमएच, आणि त्यांच्या लगेच पुढचे चार आकडे म्हणजे कंपनीच्या नोंदणीचं साल. माझ्या लेटरवर एमएच२०२३ होतं. त्याच लेटरच्या डोक्यावर ‘बारा वर्षांचा विश्वास’ असं छापलेलं. नवी कंपनी असणं हा काही गुन्हा नाही, पण वर्षभरही न झालेली कंपनी बारा वर्षं कुठून आणते? कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की नोंदणीची तारीख आणि पत्ता निघतो. पत्ता एका सोसायटीतल्या फ्लॅटचा निघाला. हे मी सगळं बुडाल्यावर पाहिलं.

एक डिसेंबरला जॉइन झालो. काचेच्या इमारतीत चौथा मजला, रिसेप्शन, कॉफीचं मशीन. ती जागा तयार ऑफिसं महिन्यानं भाड्यानं देणाऱ्याची होती, आणि आमच्या कंपनीचं नाव म्हणजे काचेवर चिकटवलेला स्टिकर. त्याचा एक कोपरा सुटलेला होता. पहिल्याच दिवशी मी तो अंगठ्यानं दाबून परत नीट बसवला. आपली कंपनी ना!

अठ्ठावीस जणांची बॅच होती. बीड, परभणी, धुळे, यवतमाळ, दोन पोरी सोलापूरच्या. काम म्हणजे ट्रेनिंग. एक ‘लीड’ यायचा, यूट्यूबवर फुकट मिळतं तेच शिकवायचा. ‘क्लायंटचा प्रोजेक्ट जानेवारीत सुरू होतोय,’ मग ‘फेब्रुवारीत.’ मूळ मार्कशीट ‘व्हेरिफिकेशनसाठी’ जमा करायला सांगितल्या. माझ्या घरी ट्रंकेत होत्या म्हणून वाचल्या. परभणीच्या मित्रानं दिल्या, त्या त्याला आजपर्यंत मिळाल्या नाहीत.

सात जानेवारीला पगार झाला. २३,०००. अण्णांना फोन केला तर त्यांनी तालमीपुढच्या मारुतीला नारळ फोडला.

आता पगाराच्या स्लिपकडं नीट बघा, कारण माझी सगळी कहाणी त्या एका कागदावर होती. एकूण २५,०००. पीएफ कपात १,८००. व्यवसाय कर २००. हातात २३,०००. हिशेब अगदी बरोबर. पण यूएएनच्या रकान्यात ‘प्रोसेसमध्ये’ लिहिलेलं. पीएफचं खातं खरंच उघडलं की यूएएन क्रमांक मिळतो आणि उमंग ॲपवर पासबुकात जमा रक्कम दिसते. तीन महिने माझे १,८०० कापले गेले आणि पासबुक उघडायला नंबरच नव्हता. बँकेच्या मेसेजमध्ये पगार पाठवणाऱ्याचं नाव कंपनीचं नव्हतं, कुठल्यातरी ‘एंटरप्रायझेस’चं होतं. पुढच्या महिन्यात तर एका माणसाचं नाव आलं. एचआरला विचारलं तर ‘व्हेंडर अकाउंट आहे’ म्हणाली. व्हेंडर म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे सांगायची चोरी.

फेब्रुवारीची स्लिप मार्चमध्ये आली. कोथरूडला एका फर्ममध्ये अकाउंट्स बघणारा रूममेट मागून डोकावला आणि म्हणाला, ‘तुझा पीटी दोनशेच कसा?’ महाराष्ट्रात आमच्या पगाराला व्यवसाय कर अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, वर्षाचे २,५०० भरावेत म्हणून. माझ्या स्लिपवर फेब्रुवारीलाही २००. शिवाय २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना एप्रिल २०२३ पासून हा करच नाही, आणि सोलापूरच्या दोघींचेही दर महिन्याला दोनशे कापलेले. खरा अकाउंटंट असा चुकत नाही रे, असं तो म्हणाला. मी त्याच्यावर चिडलो. म्हटलं, तुला माझी नोकरी बघवत नाही.

होळीच्या आधीच्या आठवड्यात मेल आला: ऑफिस शिफ्ट होतंय, घरून काम करा, लॅपटॉप अपडेटसाठी जमा करा, धुळवडीनंतर नवा पत्ता कळवू. लॅपटॉप देताना उलटा केला तर खाली भाड्यानं लॅपटॉप देणाऱ्या दुकानाचा नंबर चिकटवलेला. धुळवड झाली. फोन बंद. आम्ही सहा जण बाणेरला गेलो तेव्हा काचेवर दुसराच स्टिकर होता.

त्या रात्री रूमवर कागद घेऊन बसलो. अठ्ठावीस जणांचे प्रत्येकी अडीच लाख म्हणजे ७० लाख. एका महिन्याचा सगळ्यांचा पगार ६ लाख ४४ हजार, तीन महिन्यांचा १९ लाख ३२ हजार. ऑफिसचं भाडं, लॅपटॉप, कॉफी, लीडचे पैसे धरले तरी त्यांना निम्म्याहून जास्त सुटले. तेवीस हजार म्हणून जे येत होतं ते आमचंच. अण्णांनी सोयाबीन विकून दिलेलेच पैसे मला महिन्याला थोडे थोडे परत येत होते, आणि त्यावर मी घरी साडी पाठवली होती.

पगार देण्यातली हुशारी काय, तर त्या तीन महिन्यांत कुणीच तक्रार करत नाही. उलट आपण इतरांना आणतो. आणि हे सांगायला सगळ्यात जड जातंय: फेब्रुवारीत मला सांगण्यात आलं होतं की तीन जण आण, साठ हजार परत मिळतील. दादाही असाच आमच्याकडं आला होता. तो आधीच्या बॅचचा, त्याचेही गेलेच. मी एका मित्राचा नंबर दिला. त्याच्याकडं पन्नास हजार जमले नाहीत म्हणून तो वाचला. माझ्यामुळं नाही.

पोलिसांत गेलो तर आधी ‘हा दिवाणी मामला आहे’ असं ऐकावं लागलं. कारण पावतीवर ‘ट्रेनिंग फी, परत मिळणार नाही’ असं छापलेलं, खाली माझी सही, आणि निम्मे पैसे रोखीत. एकेकटे गेलो तेव्हा नुसता अर्ज घेतला. अकरा जण एकत्र, बँकेची स्टेटमेंट आणि व्हॉट्सॲप चॅटच्या प्रिंट घेऊन गेलो तेव्हा ४२० खाली गुन्हा दाखल झाला. पैसे आलेले नाहीत. आमच्यातल्या एकानं शेवटचा हप्ता उशिरा, यूपीआयवर दिला होता. त्यानं लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, त्याची थोडी रक्कम समोरच्या खात्यात गोठवली गेली. ऑनलाइन पैसे गेले असतील तर पोलीस स्टेशनच्या आधी तो नंबर फिरवा, तासातासाचा फरक पडतो.

टीसीएस, इन्फोसिससारख्यांच्या संकेतस्थळांवर स्वच्छ लिहिलेलं असतं की आम्ही नोकरीसाठी पैसे घेत नाही. मी ते वाचलं होतं. मला वाटायचं, हे मोठ्यांसाठी असतं, छोट्या कंपन्यांत असंच चालतं. सध्या भोसरीत एका छोट्या कंपनीतच आहे, मेकॅनिकललाच. पगार १८,०००. एक रुपया मागितला नाही, मूळ मार्कशीट बघून त्याच टेबलावर परत दिल्या.

परवा गावाकडच्या एका पोराचा फोन आला. यंदाच पास झालाय. ‘भैया, बाणेरला सिलेक्शन झालं, पंधरा वर्षं जुनी कंपनी आहे म्हणे.’ मी म्हटलं, लेटर काढ, खालचा लांब नंबर वाच.

अडखळत वाचायला लागला. एमएचवर मी थांबवलं. ‘पुढचे चार आकडे सांग.’

‘दोन, शून्य, दोन, पाच.’

‘किती दिलेत?’

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘पन्नासच. लाखाचं सोमवारी आहे.’