जुना साडेचार फुटी लेथ: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

संक्रांतीनंतर बेळगावच्या उद्यमबागेतून ६२,००० रुपयांना जुना साडेचार फुटी लेथ (धातू कातायचं मशीन) घेतला. परवा खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागलं, म्हणजे नऊ महिने झाले. खानापुरात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलाय. पंपांचे बुश, शाफ्टची दुरुस्ती, कधी सायकलचा एखादा एक्सल, असं माझं काम.

लेथ पंजाबातल्या बटाल्याच्या घडणीचा. हिरवा रंग ताजा होता आणि मी त्यालाच भुललो होतो. सोबत गल्लीतले निवृत्त टर्नर मामा होते म्हणून वाचलो. त्यांनी कॅरेज (टूल धरून लेथच्या लांब बेडवर सरकणारा भाग) जॉब म्हणजे कातायचा तुकडा धरणाऱ्या चकजवळ आणली, हाताला जेमतेम सरकेल इतपत गिबचे, म्हणजे ढिलाई काढणाऱ्या पट्टीचे, स्क्रू आवळले आणि चाक फिरवत ती दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे न्यायला लागले. निम्म्यावर, बेड कमी झिजलाय तिथं, कॅरेज अडकली. "बघ बाळा, बेड चकपाशी खाल्लाय. जन्मभर सगळी कामं तिथंच झाल्यात. दर पाड." विकणारा बेड कोरा आहे म्हणून सांगत होता, पण मामांच्या ह्या एका चाचणीवर ८,००० कमी झाले. जुना लेथ बघायला जाल तर आधी हेच करा.

विजेनं मात्र मला महिनाभर छळलं. घरी सिंगल फेज, मोटर २ एचपीची थ्री फेज. व्हीएफडी (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारा ड्राइव्ह) आणला तरी मोटर दमायची. कारण ती ४१५ व्होल्टला आतूनच स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र) जोडलेली होती, बाहेर तीनच वायरी, आणि सिंगल फेजवरच्या ड्राइव्हमधून मिळतात २३० व्होल्ट. शेवटी वाइंडिंगवाल्यानं आतला स्टारचा जोड उघडून सहा टोकं बाहेर काढली, डेल्टा (टोकाला टोक जोडून त्रिकोण) करून दिला, म्हणजे ती २३० व्होल्टला चालते. त्या दिवसापासून मोटर कधी कण्हली नाही. चक आट्यांवर बसणारा असेल तर मात्र ड्राइव्हवरून झटक्यात उलटा फिरवू नका, तो सुटून अंगावर येतो. मी थांबण्या-फिरण्याचा वेळ ८ सेकंदांवर ठेवलाय आणि उलटा फिरवायचा तो टूल बाहेर काढून, हळू.

सुरुवातीला जॉब टेपर, म्हणजे एका टोकाला जाड निघायचा, १५० मिमीत ०.०८ मिमी. मी झिजलेल्या बेडला बोल लावत बसलो. मामांनी स्पिरिट लेव्हल ठेवून दाखवलं की बेड पिळलाय, एक पाय हवेत आहे. पायांखाली पत्र्याच्या पट्ट्या घालत दोन संध्याकाळी गेल्या, पण टेपर ०.०३ वर आला. उरला तो झिजेचा. बेअरिंगची सीट २०-२५ मिमीच लांब असते, तेवढ्यात तो जाणवतही नाही.

आटे पाडताना बदलायच्या सुट्या गिअरचा डबा मी मोजून घेतला नाही, ही माझी चूक. लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडताना कॅरेज ओढणारा लांब स्क्रू, इंची आहे. मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दातांचा गिअर लागतो, कारण इंच म्हणजे २५.४ मिमी आणि त्याची पाचपट १२७. डब्यात तोच नव्हता. उद्यमबागेतच २,८०० देऊन पाडून घेतला. असे आटे पाडताना हाफ नट (कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा) मध्येच उघडायचा नाही, दर कटला मशीन उलटं फिरवूनच मागे यायचं. मी एकदा उघडला आणि चांगला शाफ्ट वाया घालवला.

खानापूरचा पाऊस कसा असतो ते इकडच्यांना सांगायला नको. मृगात बेडवर पोतं झाकलं. त्यानं ओल धरली आणि चार दिवसांत बेडवर तांबूस थर आला. बघून पोटात कालवलं. आता रोज काम संपलं की ब्रशनं कीस झाडतो, तेलाचं फडकं फिरवतो आणि पावसाळाभर खालच्या कपाटात ६० वॅटचा बल्ब चालू ठेवतो. श्रावण कोरडा गेल्यासारखा गेला, एक डाग नाही.

तीन जॉ चकाचे जॉ (जॉब धरणारे जबडे) तोंडाशी रुंदावलेत, लांब जॉब नीट धरत नाहीत. चार जॉचा चांगला चक शोधतोय. मामा म्हणालेत, दिवाळीनंतर कोल्हापूरजवळच्या शिरोलीला जाऊन येऊ.