छातीवर टेकवलेला प्रोब : चार वर्षं वापरलेल्या पोर्टेबल सोनोग्राफी मशीनबद्दल

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं पंधरा खाटांचं हॉस्पिटल आहे आणि मी तिथली फिजिशियन. चार वर्षांपूर्वी लॅपटॉपसारखं उघडणारं, बॅटरीवर चालणारं सोनोग्राफी मशीन घेतलं, ते मुख्यतः छाती तपासायला. "फुप्फुसात तर हवा, तिथं सोनोग्राफीत दिसणार काय?" हे मला डॉक्टर मित्रांनीही विचारलंय. कंपनीचं नाव घेत नाही, अनुभव लिहिते.

हवा ध्वनिलहरी जवळजवळ सगळ्या परत फेकते, त्यामुळे निरोगी फुप्फुस आतून दिसत नाही हे खरंच. दिसतं ते त्याचं आवरण. दोन बरगड्यांच्या मध्ये एक चकचकीत रेघ, श्वासाबरोबर मागेपुढे सरकणारी. तिच्या खाली तिच्याच आडव्या सावल्या, सारख्या अंतरावर. त्या ए-लाइन्स. फुप्फुस ओलं झालं की या सावल्या पुसल्या जातात आणि आवरणापासून पडद्याच्या तळापर्यंत उभे झोत उतरतात, अंधारात बॅटरी मारल्यासारखे. त्या बी-लाइन्स. एखाद-दुसरी निरोगी माणसातही दिसते. बरगड्यांमधल्या एकाच फटीत तीन किंवा जास्त, दोन्ही बाजूंना, अनेक जागी दिसल्या तर पाणी भरल्याचा संशय बळावतो. फ्रान्सचे आयसीयूतले डॉक्टर डॅनियल लिश्टेनस्टाइन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. २००८ साली आलेल्या त्यांच्या ब्लू प्रोटोकॉलने, म्हणजे छातीच्या सोनोग्राफीवरून धापेचं कारण शोधायच्या ठरावीक पद्धतीने, धाप लागलेल्या २६० रुग्णांमध्ये ९०.५ टक्के वेळा निदान बरोबर केलं होतं.

आमच्याकडची एक रात्र सांगते. अडीच वाजता सत्तरीतले एक आजोबा आले. पूर्वी विडी ओढायचे, छातीत शिट्ट्या वाजत होत्या. सून म्हणाली, "दम्याचंच दुखणं हाय मॅडम, पंप मारला तरी उतरंना." स्टेथोस्कोपलाही दमाच वाटत होता. सिस्टरने नेब्युलायझर भरेपर्यंत मी प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर फिरवायचा भाग, छातीवर टेकवला. दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत झोतच झोत. हृदय थकून फुप्फुसात पाणी साचलं होतं. लघवीवाटे पाणी काढणारं फ्युरोसेमाइड दिलं, मास्कचं व्हेंटिलेशन लावलं, ईसीजी काढला. पहाटे पुन्हा प्रोब ठेवला तेव्हा छातीच्या वरच्या भागातले झोत विरळ झाले होते आणि आजोबा चहा मागत होते. एक्स-रेचा टेक्निशियन आठ वाजता येतो. तोवर दम्याचीच औषधं चालू राहिली असती.

आता मशीनविषयी. चित्र चांगलं आहे, पण आल्या आल्या महिनाभर मला बी-लाइन्स नीट दिसतच नव्हत्या. डेमो द्यायला आलेल्या माणसाने फक्त पोट दाखवलं होतं. नंतर कळलं की चित्र गुळगुळीत करणारे फिल्टर या रेघा पुसून टाकतात, कारण मशीनच्या लेखी त्या दोष आहेत आणि आपल्याला नेमके तेच दोष हवेत. कंपाउंड इमेजिंग आणि हार्मोनिक्स ही चित्र सुधारणारी दोन सेटिंग्ज बंद केली आणि रेघा उमटल्या. हे विक्रेत्याने पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. बॅटरी एक तास म्हणून सांगितली, चालते चाळीस मिनिटं. पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा हा फरक फार जाणवतो. कॉन्व्हेक्स, म्हणजे बाकदार तोंडाच्या, प्रोबची वायर ट्रॉलीच्या चाकाखाली आली आणि तेव्हापासून चित्रात एक काळा पट्टा आहे. दुरुस्तीचा खर्च ऐकून मी तो पट्टा ओळखून काम करते.

मशीन छातीसाठी घेतलं तरी पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्याखाली नोंदणी लागतेच, आणि आमचं मशीन नोंदलेल्या जागेबाहेर जात नाही. अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या आजींना घरी जाऊन बघता आलं असतं असं वाटतं. पण २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. त्या आकड्यापुढे ही अडचण मी निमूट सोसते.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो छातीतल्या पाण्यासाठी. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत साधारण दोनशे मिली साचल्याशिवाय फुप्फुसाच्या तळाचा कोपरा बुजत नाही. सोनोग्राफीत त्याहून बरंच कमी पाणी दिसतं. मागच्या वर्षी एक तरुण आला, दहा दिवस न्यूमोनियाची अँटिबायोटिक्स घेऊन. एक्स-रेत डावा खालचा भाग पांढरा. त्याला पलंगाच्या कडेला पुढे वाकवून बसवलं आणि पाठीला प्रोब लावला. काळं पाणी, त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे श्वासाबरोबर हलत होते. ते धागे सीटी स्कॅनपेक्षा इथे स्पष्ट दिसतात. मोकळी जागा बघून पेनाने खूण केली, खोली मोजली, सुई घातली. पिवळसर पाणी, त्यात टीबीकडे बोट दाखवणारं एडीए हे एन्झाइम वाढलेलं. टीबीचं औषध सुरू झालं, सहा महिन्यांचं.

एकदा मात्र मी चुकले. खोकला असलेल्या एका काकांची छाती प्रोबखाली स्वच्छ दिसली आणि मी त्यांना निर्धास्त केलं. दोन आठवड्यांनी एक्स-रे काढला तर फुप्फुसाच्या मुळाशी गाठ. आवरणापर्यंत न पोचलेलं काहीही सोनोग्राफीला दिसत नाही, मध्ये हवेची भिंत असते. मला हे माहीत होतं आणि तरीही मी एक्स-रे पुढे ढकलला. तेव्हापासून दोन आठवड्यांवरच्या खोकल्याला एक्स-रे आणि थुंकीची तपासणी आधी, प्रोब नंतर.

घ्यायचंच असेल तर कॉन्व्हेक्स आणि लिनिअर (सपाट तोंडाचा) हे दोन प्रोब पुरतात. कार्डिॲक प्रोब इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, शिकलेल्यानेच घ्यावा. पैसे देण्याआधी कागदाची क्लिप सरळ करून तिची तार प्रोबच्या तोंडावर आडवी धरा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत न्या. चित्रातली खूण कुठे नाहीशी झाली, तर तिथले ध्वनिलहरी सोडणारे क्रिस्टल मेलेले आहेत.