पुण्यातली इंग्रजी नावे आणि ‘द पीरेज’ हे संकेतस्थळ

मुंबई इलाख्याच्या इतिहासात रस असलेल्या माणसाला गव्हर्नरांची नावे आणि त्यांच्या कारकिर्दी ठाऊक असतात. मात्र ही मंडळी कोणाची मुले, कोणाचे जावई आणि कोणाचे पुतणे होती, हे मराठी पुस्तकांत क्वचितच सापडते. ब्रिटिश उमराव घराण्यांच्या वंशावळी धुंडाळण्यासाठी ‘द पीरेज’ हे विनाशुल्क संकेतस्थळ मी बराच काळ वापरत आलो आहे. शोधाची सुरुवात येथून करावी आणि शेवट मात्र येथे करू नये, असे माझे मत झाले आहे.

न्यूझीलंडमधील एका हौशी संशोधकाने उभारलेल्या या संग्रहाची मांडणी आपल्याकडील कुलवृत्तान्तांची आठवण करून देणारी आहे. प्रत्येक व्यक्तीला क्रमांक दिलेला असून त्याखाली आईवडील, जन्म, विवाह, मृत्यू आणि अपत्ये अशी माहिती येते, आणि नावावर टिचकी मारली की त्या नातेवाइकाची नोंद उघडते. कुलवृत्तान्तात मुलगी सासरी गेली की तिचा धागा बहुधा तेथेच तुटतो. येथे तो तुटत नाही, आणि या संग्रहाची खरी श्रीमंती त्यातच आहे.

फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ साली ज्यांच्या नावाने सुरू झाले, ते गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन हे किल्केरनचे सहावे बॅरोनेट होते. बॅरोनेट ही पदवी वंशपरंपरागत असली, तरी तिचा धारक उमरावांत मोडत नाही. तरीही अशी घराणी या संग्रहात मोठ्या प्रमाणावर आहेत, ही पुणेकर अभ्यासकासाठी सोयीची गोष्ट आहे. सर जेम्स यांच्या पहिल्या पत्नीच्या नावावरून मागे गेले, तर ती लॉर्ड डलहौसी यांची धाकटी कन्या एडिथ असल्याचे कळते. म्हणजे ज्याने औरस वारस नाही या कारणावरून १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा केले, त्या गव्हर्नर-जनरलच्या जावयाचे नाव टिळक-आगरकरांच्या महाविद्यालयाला लाभले आहे. डलहौसींना स्वतःलाही मुलगा नव्हता. त्यामुळे १८६० मध्ये त्यांच्या निधनाबरोबर त्यांची मार्क्विस ही पदवी लयाला गेली, आणि अर्ल ही जुनी स्कॉटिश पदवी चुलतभावाकडे गेली. दत्तक घेऊन पदवी राखण्याची सोय ब्रिटिश उमरावांना नाही. साताऱ्याचा इतिहास वाचलेल्या माणसाला ही नोंद पाहून काय वाटेल, ते मी सांगायला नको.

दुसरे उदाहरण ससून घराण्याचे. ज्यू व्यापारी डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यात वारले आणि त्यांची कबर लाल देवळाच्या, म्हणजे तिथल्या ज्यू प्रार्थनामंदिराच्या, आवारात आहे. त्यांची पणती सिबिल हिचा विवाह १९१३ मध्ये पुढे पाचवे मार्क्विस ऑफ चम्ली झालेल्या गृहस्थांशी झाला, आणि तिचा नातू, म्हणजे सातवे मार्क्विस, २०२२ पर्यंत इंग्लंडच्या दरबारात लॉर्ड ग्रेट चेंबरलेन या वंशपरंपरागत पदावर होते. लष्कर भागातल्या एका कबरीपासून वेस्टमिन्स्टरपर्यंतचा हा प्रवास बसल्या जागी, एकेका नावावरून पुढे सरकत करता येतो.

नवख्या वाचकाची पंचाईत होते ती आडनावांच्या सूचीत, कारण उमराव ओळखला जातो पदवीने आणि ती बहुधा आडनावाहून वेगळी असते. ज्यांच्या नावाने रे मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, ओळखले जाई, ते मुंबईचे गव्हर्नर, अकरावे लॉर्ड रे, आडनावाने मॅकाय होते आणि त्यांचा जन्म हेगमध्ये, एका डच राजकारण्याच्या घरी झाला होता. १९२१ मध्ये ते निपुत्रिक वारले, तेव्हा १८८१ मध्ये खुद्द त्यांना मिळालेली बॅरन ही पदवी संपली, पण जुनी स्कॉटिश पदवी त्यांच्या डच भाऊबंदांकडे गेली. एकाच माणसाच्या दोन पदव्यांच्या वाटा अशा वेगळ्या होऊ शकतात, हे ध्यानात ठेवल्याशिवाय या नोंदी नीट उलगडत नाहीत. १८९७ च्या प्लेगच्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांचे आडनाव मॅन्सफिल्ड. पण अर्ल ऑफ मॅन्सफिल्ड यांचा या घराण्याशी संबंध जोडू नये, कारण त्यांचे आडनाव मरे आहे. एल्फिन्स्टनांच्या बाबतीत आडनाव आणि पदवी एकच असल्याने गोंधळ निराळा होतो. खडकीच्या लढाईच्या वेळचे रेसिडेंट माउंटस्टुअर्ट हे अकराव्या लॉर्डांचे चौथे पुत्र होते, तर १८५३ ते १८६० या काळातले गव्हर्नर हे त्यांचे पुतणे, तेरावे लॉर्ड. रेल्वे स्थानकाला, म्हणजे आताच्या प्रभादेवीला, पूर्वी नाव होते ते पुतण्याचे.

वंशवृक्षाचे चित्र येथे मिळत नाही, सर्व माहिती मजकुरातच आहे. तेव्हा कागद-पेन्सिल जवळ असावी आणि मोबाइलऐवजी संगणक वापरावा. विश्वासार्हतेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. नोंदीखालच्या तळटिपा बहुधा ‘बर्क्स पीरेज’ या उमराव घराण्यांच्या वंशावळींच्या छापील ग्रंथाच्या २००३ च्या १०७ व्या आवृत्तीकडे बोट दाखवतात. १८२६ पासून निघत आलेल्या या ग्रंथाच्या एकोणिसाव्या शतकातील आवृत्त्यांत घराण्यांनी स्वतःविषयी सांगितलेल्या पूर्वजकथा पुष्कळदा तशाच छापल्या जात, आणि फ्रीमन यांच्यासारख्या इतिहासकाराने त्यावर कडक टीका केली होती. म्हणून अठराव्या शतकापासून अलीकडच्या माहितीसाठी हे संकेतस्थळ निर्धास्तपणे वापरावे, पण त्याहून जुन्या पिढ्यांसाठी कोकेन यांचा ‘कम्प्लीट पीरेज’ हा उमराव घराण्यांवरचा अनेक खंडी ग्रंथ पाहिल्याखेरीज काहीही छापू नये. त्याचे जुने खंड इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतात. तळटीप नसलेली नोंद ही केवळ ऐकीव माहिती समजावी.

पुण्यात झालेले बाप्तिस्मे, विवाह आणि दफने हा भाग मात्र येथे फार तोकडा आहे. त्यासाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरातली मुंबई इलाख्याची चर्च-विवरणे पाहावी लागतात. त्यांची डिजिटल रूपे फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर वर्गणी भरून पाहता येतात, पण फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची शोधसूची विनाशुल्क असल्याने आधी ती चाळून, हवे ते नाव तेथे सापडल्यावरच वर्गणीचा विचार करावा.