रन-फ्लॅट काढले, आता डिकीत काय ठेवायचं? छोटी स्टेपनी, पूर्ण मापाची स्टेपनी की नुसतं पंक्चर किट

बीएमडब्ल्यू किंवा मिनी वापरणाऱ्यांपुढे काही वर्षांनी हा प्रश्न येतोच. कंपनीचे रन-फ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) टायर झिजतात. नव्या चार टायरची किंमत ऐकली की आणि खड्ड्यात बसणारे दणके आठवले की बरेच जण साधे ट्यूबलेस बसवून घेतात. गाडी लगेच मऊ चालायला लागते, आवाज कमी होतो. पण डिकीतलं फळकूट उचलून कुणी बघत नाही. बहुतेक मॉडेलांत तिथे स्टेपनी नसते, काहींत ती ठेवायला खड्डाही नसतो आणि बऱ्याचदा जॅक-पानाही नसतो. स्टेपनीचं काम रन-फ्लॅटच करत होते, आणि ते आपण काढून टाकलेले असतात.

माझं मत आधीच सांगतो. कोल्हापुरातून जो घाट उतरतो, मग करूळ असो, आंबा, फोंडा की आंबोली, त्याने छोटी स्टेपनी घ्यावी आणि जोडीला पंक्चर किट व हवेचा पंप ठेवावा. ज्याची गाडी शहर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव यांच्या पलीकडे क्वचितच जाते, त्याचं किटवर भागतं. मधल्या सगळ्यांनी पुढचं वाचून ठरवावं.

हातातून नक्की काय गेलं

रन-फ्लॅटच्या साईडवॉलमध्ये (टायरच्या बाजूच्या भिंतीत, म्हणजे कुशीत) जाड, ताठ रबराचा जादा थर असतो. हवा पूर्ण गेली तरी तो गाडीचं वजन पेलतो. कंपन्या साधारणपणे ताशी ८० किमीच्या आत आणि ८० किमी अंतरापर्यंत एवढी हमी देतात. गाडी भरलेली असेल तर अंतर घटतं. हे ८० किमी आपल्या नकाशावर लावून बघा. निपाणी ४०च्या आसपास, गगनबावडा सुमारे ५५, कराड ७०-७५. यातल्या कुठल्याही ठिकाणाहून गाडी स्वतःच्या चाकांवर घरी येऊ शकत होती. साध्या टायरची हवा गेल्यावर तो एक-दोन किलोमीटर जरी रेटला, तरी साईडवॉल आतून चिरडते आणि मग पंक्चर काढून उपयोग नसतो. टायर फेकावाच लागतो, वर रिमही खराब होते.

टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा मात्र गाडीत तशीच राहते. तिचा दिवा लागला की दुर्लक्ष करू नका. साध्या टायरवर त्या दिव्याची किंमत पूर्वीपेक्षा जास्त आहे, कारण हवा हळूहळू जात असेल तर तेवढ्या वेळात गाडी पेट्रोल पंपापर्यंत नेता येते.

इथे टायर कशाने जातात

सगळा निर्णय या एका गोष्टीवर अवलंबून आहे, त्यामुळे इथे थोडं थांबू.

एक प्रकार एमआयडीसीचा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात फाउंड्र्या आणि मशीन शॉप आहेत. लोखंडाचा कीस, पत्र्याचे तुकडे, तुटके बोल्ट ट्रकमधून रस्त्यावर सांडतात आणि टायरच्या नक्षीत घुसतात. भोक लहान असतं, हवा सावकाश जाते. हे किटचं काम.

दुसरा प्रकार घाटाचा आणि उसाच्या रस्त्यांचा. गळीत हंगामात समोरून उसाने भरलेल्या जोड ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतो आणि आपल्याला डांबर सोडून खाली उतरावं लागतं. परत वर चढताना डांबराची तुटकी, धारदार कड साईडवॉलला घासते. पावसाळ्यात गगनबावड्याकडे खड्डा पाण्याने भरलेला असतो, खोली कळत नाही. ४५ किंवा ५० प्रोफाईलचा (कुशीची उंची रुंदीच्या ४५-५० टक्के) टायर खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात चेमटतो. मग कुशीला चीर जाते किंवा फुगा येतो. रन-फ्लॅटची कूस ताठ असल्याने तिथे बऱ्याचदा रिम वाकायची; साध्या टायरवर रिम वाचते आणि टायर जातो. या जखमेवर कुठलंही किट चालत नाही.

पंक्चर किट

कंपनीच्या किटमध्ये बहुधा सीलंटची बाटली आणि १२ व्होल्टचा पंप असतो. नक्षीतलं साधारण ४ ते ६ मिमीपर्यंतचं भोक ते बुजवतं. भरल्यावर लगेच गाडी चालवायची, म्हणजे द्रव आत सगळीकडे पसरतो. थोडं अंतर गेल्यावर थांबून हवा पुन्हा बघायची. बाटलीवर मुदत छापलेली असते, ती संपली की बाटली बदलायची. पंक्चरवाल्याकडे टायर उतरवताना आत सीलंट आहे हे आधी सांगा. त्याला टायर धुवावा लागतो आणि सेन्सरही साफ करावा लागतो.

मला स्वतःला सीलंटपेक्षा स्ट्रिपचं (चिकट रबरी पट्टीचं) किट जास्त भरवशाचं वाटतं. खिळा उपसायचा, भोक घासून सारखं करायचं, स्ट्रिप दाबून बसवायची, पंपाने हवा भरायची. एकदा कुणाकडून तरी हाताने करून शिका. शहरात दर चौकात पंक्चरवाला आहे, तिथे हे लागणार नाही. राधानगरी सोडून दाजीपूरच्या जंगलात शिरल्यावर लागेल.

कायद्याचं म्हणाल तर २०२०च्या जुलैत केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असेल तर स्टेपनीची सक्ती उरली नाही. म्हणजे नुसत्या किटवर फिरणं नियमात बसतं. आंबा घाटात रात्री कूस फाटली तर मात्र नियमाचा काही आधार होत नाही. टोइंगला फोन करावा तर रेंज प्रत्येक वळणावर सारखी नसते.

छोटी स्टेपनी

हिच्या कडेवर मापाच्या आधी ‘टी’ हे अक्षर असतं, म्हणजे तात्पुरत्या वापराची. रुंदी १२५ ते १५५ मिमी, हवा ६० पीएसआय, वेग ताशी ८०च्या आत. वजन साधारण पूर्ण चाकाच्या निम्मं ते दोन तृतीयांश. गाडी जॅकवर असताना एकट्या माणसाला ती सहज उचलून बसवता येते, आणि हा मुद्दा किरकोळ नाही.

खरी कसोटी ती गाडीला बसते का, ही. जुन्या बाजारात किंवा स्क्रॅपवाल्याकडे ‘पाच बोल्टची आहे, बसते की’ असं सांगतील. तेवढ्यावर पैसे देऊ नका.

पहिलं बोल्टच्या वर्तुळाचं माप. बीएमडब्ल्यूच्या जुन्या थ्री सिरीजला, म्हणजे ई९० आणि एफ३० पिढ्यांना, ५ बोल्ट आणि १२० मिमी; जी२० पिढीला ५ आणि ११२ मिमी. दुसरं मधल्या भोकाचं माप, आणि फसगत सगळ्यात जास्त इथेच होते. स्कोडा ऑक्टाव्हियाच्या चाकालाही ५ आणि ११२ हेच माप आहे, म्हणून ते चालेल असं वाटतं. पण त्याचं मधलं भोक ५७.१ मिमी आणि जी२०चा हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) ६६.६ मिमी, चाक हबवर चढतच नाही. आपल्याकडे उद्यमनगर (कोल्हापुरातली यंत्रकामाची वसाहत) हाताशी असल्यामुळे मोह होतो की लेथवर भोक वाढवून घेऊ. कारागीर ते अचूक करून देतीलही. तरी करू नका. चाकाचा मधला भाग अशक्त होतो. शिवाय बोल्टच्या बैठकीचा (बोल्ट चाकाला टेकतो त्या जागेच्या आकाराचा) प्रश्न उरतोच: फोक्सवॅगन-स्कोडाची बैठक गोलसर, बीएमडब्ल्यूची शंकूसारखी. चुकीच्या बैठकीवर बोल्ट आवळल्यासारखा वाटतो आणि चालत्या गाडीत ढिला होतो.

तिसरं, ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारा भाग. मोठ्या इंजिनाच्या गाडीला पुढचे ब्रेक मोठे असतात. १६ इंची छोटी स्टेपनी तिथे अडकू शकते. चौथं, एकूण उंची. याचा हिशेब घरी करता येतो. २२५/५० आर१७ (रुंदी मिमीत, प्रोफाईल, मग रिम इंचांत) टायरचा व्यास येतो सुमारे ६५७ मिमी. टी१३५/८० आर१७ स्टेपनीचा ६४८, म्हणजे ९ मिमीचा फरक, चालेल. टी१२५/८० आर१७चा ६३२, म्हणजे २५ मिमीचा फरक. मी घेणार नाही. चारही चाकांना ताकद देणाऱ्या एक्सड्राइव्ह गाडीत तर असा फरक ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या भागावर) सतत ताण टाकतो. अशा गाडीला कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेलं माप मिळत असेल तरच छोटी स्टेपनी, नाहीतर चारही टायरशी जुळणारी पूर्ण मापाची.

घेतल्यावर घरच्या अंगणात एकदा पुढे आणि एकदा मागे लावून बघा. चाक हाताने फिरवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. अलॉयचे बोल्ट पोलादी रिमला लांब पडत असतील तर आत घासतात. तसं असेल तर योग्य लांबीचा वेगळा संच स्टेपनीबरोबरच ठेवा. जॅक गाडीच्या मापाचाच हवा, कारण बीएमडब्ल्यूच्या खालच्या कडेला जॅकसाठी ठरलेल्या चौकोनी जागा असतात. व्हील पाना घ्या आणि लॉक बोल्ट असेल तर त्याची चावी आत्ताच शोधून ठेवा. एम१४ बोल्टला बीएमडब्ल्यू १४० न्यूटन-मीटर सांगते. रस्त्यात हाताने आवळलं असेल तर पहिल्या गॅरेजमध्ये टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) तपासून घ्या.

हवा दर दोन-तीन महिन्यांनी बघा. पंपावरचा मुलगा सवयीने ३५ भरायला लागेल, ६० सांगितल्यावर ‘फुटंल की!’ म्हणेल. त्याला कडेवर छापलेला आकडा दाखवा. जुनी स्टेपनी घेताना कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा: ३२१९ म्हणजे २०१९चा ३२वा आठवडा. न वापरलेली असली तरी रबर म्हातारं होतं. नक्षी कोरी दिसते म्हणून दहा वर्षांची स्टेपनी पदरात पाडून घेऊ नका.

चालवताना लक्षात ठेवायचं म्हणजे पकड कमी असते आणि ओल्या उतारावर ब्रेक लावल्यावर गाडी उशिरा थांबते. पावसात घाटात मी ८० तर सोडाच, ५०च्या वर जायला सांगणार नाही. मिनीसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा पुढचा टायर गेला, आणि जागा सपाट व सुरक्षित असेल, तर मागचं चांगलं चाक पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा. मेहनत दुप्पट आहे, पण वळण आणि ब्रेक दोन्हींचा भार पुढे असतो. डॅशबोर्डवर हवेचा दिवा पेटलेला राहील. स्टेपनीत सेन्सर नसतो, त्यात काळजीचं काही नाही.

डिकीत खड्डा नसेल तर स्टेपनी पट्ट्याने बांधलीच पाहिजे. दहा-पंधरा किलोचं लोखंड जोरात ब्रेक मारल्यावर मागच्या सीटवर आदळतं. आणि एक गोष्ट खरेदीच्या वेळी कुणाच्याच डोक्यात येत नाही: चाक बदलल्यावर काढलेलं मोठं चाक कुठे ठेवणार? मे महिन्यात रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या आणि चार माणसं घेऊन निघालात तर चिखलाचं २२५ रुंदीचं चाक पेट्यांवरच येणार. साखरेचं एक रिकामं पोतं डिकीत टाकून ठेवा आणि पेट्या भरताना तेवढी जागा सोडा.

पूर्ण मापाची स्टेपनी

जागा असेल तर हिच्यासारखं सुख नाही. वेगाची अट नाही, पुण्याच्या वाटेवर सातारला चाक बदललं तरी पुढे निवांत जाता येतं. पण १७-१८ इंची चाक वीस किलोच्या वर जातं आणि सेडानची डिकी खाऊन टाकतं. पुढचे-मागचे टायर वेगवेगळ्या रुंदीचे असतील तर ती एकाच टोकाला जुळते. एक्सड्राइव्हवाले आणि एक्स-५सारख्या मोठ्या डिकीचे मालक यांनी हिचा विचार आधी करावा.

पुन्हा रन-फ्लॅट

हा पर्याय झटकून टाकू नका. टायर महाग असतात, हवं ते माप कोल्हापुरात लगेच मिळेल याची खात्री नसते आणि हवा गेलेल्या अवस्थेत चालवलेला टायर दुरुस्त न करता बदलण्याचाच सल्ला बहुधा दिला जातो. हे सगळं खरं आहे. पण घरात गाडी चालवणारी व्यक्ती वयस्कर असेल, कंबरेचं दुखणं असेल किंवा कुणी रात्री एकटं पुणे-बंगळूर हायवेने ये-जा करत असेल, तर तिथे ट्रक शेजारून जात असताना खाली वाकून बोल्ट सोडवणं हा धोका कुठल्याही स्टेपनीने टळत नाही. त्या घरात मी छोटी स्टेपनी सुचवणार नाही. चारही रन-फ्लॅटच बसवा आणि पंप तेवढा डिकीत ठेवा.